डावीकडची खाच

मंगळवार, ३. आकडा १७१.

ही वही पुरावा म्हणून. लॅबच्या कॉम्प्युटरवर लिहिलं तर कोण वाचेल याचा नेम नाही, मोबाइलवर लिहिलं तर नवरा वाचेल, आणि नुसतं डोक्यात ठेवायचं म्हटलं तर माझं कामच स्मरणशक्तीवर आहे. डोक्यावर किती भरवसा ठेवायचा ते मला पक्कं माहीत आहे.

उद्या ही वही कुणापुढे ठेवायची वेळ आलीच, तर त्यांच्यासाठी थोडक्यात. मी मेंदूवर काम करते. उंदरांच्या. सहा वर्षांपूर्वी माझा एक पेपर आला. उंदराला आडव्यातिडव्या बोळांमधून वाट शिकवायची, ती पाठ झाली की त्याच्या मेंदूचे पातळ काप काढायचे, कापांना असा रंग द्यायचा की नुकत्याच कामाला लागलेल्या पेशी चमकतात, आणि मग त्या मोजायच्या. मी मोजल्या. आठ महिने मोजल्या. डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. शिकलेली वाट डावीकडे साठते, असा तो पेपर. लॅबमध्ये सगळे त्याला 'डावा पेपर' म्हणतात.

दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात आपला दाखला दिला की एक सायटेशन मिळतं. डाव्या पेपराला चार वर्षं कुणी विचारत नव्हतं. चार वर्षांत बावीस, त्यातली पाच माझी मलाच.

आणि आज १७१. गेल्या सोमवारी १५५ होता. आठ दिवसांत सोळा!

का? आणि आत्ताच का? सत्तावीस तारखेला कायमच्या जागेची फाइल द्यायची आहे. जागा एक. आठ वर्षं मी दर वर्षी नव्या करारावर सही करतेय, हा शेवटचा, पुढचा मिळणार नाही असं स्पष्ट सांगितलंय. लॅबमधून अर्ज दोन. एक माझा, एक मुंगळ्याचा. (मुंगळा म्हणजे समोरच्या टेबलावरचा. मायक्रोस्कोपला एकदा चिकटला की सुटत नाही म्हणून.)

कुठेतरी पाणी मुरतंय.

बुधवार, ४. आकडा १७१.

आज वाढला नाही. हेही संशयास्पदच.

शुक्रवार, ६. आकडा १७८.

मला वाटतं मला कळलंय.

दोन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर एक प्रकरण झालं होतं. पाच-सहा जणांनी टोळी केली. तू माझा दाखला दे, मी तुझा देतो. आकडे फुगले, मग कुणीतरी कळवलं, मग चौकशी, मग सगळे घरी. आता समजा एखाद्याला माझी जागा हवी आहे. माझे आकडे कमी करणं त्याच्या हातात नाही. पण वाढवणं? ओळखीतल्यांना सांगून दाखले द्यायला लावायचे, आकडा असा फुगवायचा की निवड कमिटीच्या मनात पाल चुकचुकलीच पाहिजे, आणि मग साळसूदपणे विचारायचं, "सर, हा आकडा जरा जास्तच नाही वाटत?"

दुपारभर बसून दाखला देणाऱ्यांची नावं उतरवून काढली. मुंगळ्याच्या ओळखीचं एकही सापडलं नाही. वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या लॅबमधले, एकमेकांशी काही संबंध नसलेले लोक.

इतकं स्वच्छ काम म्हणजे माणूस पोचलेला आहे.

सोमवार, ९. आकडा १८३.

आज त्याने पहिली चाल केली. डबा खाताना, अगदी सहज.

"तुझ्या डाव्या पेपराच्या स्लाइड्स अजून आहेत ना गं?"

"आहेत. का?"

"बघाव्या म्हटलं."

"इतक्या वर्षांनी?"

"असंच. बरं, खाच कुठल्या बाजूला होती?"

खाच म्हणजे काप काढायच्या आधी मेंदूच्या एका कडेला ब्लेडने केलेली बारीक खूण. काप कागदापेक्षा पातळ. काचेवर ठेवताना उलटा पडला तर डावं-उजवं कळायला ती खाच सोडून काहीच नसतं. पहिल्या वर्षाच्या पोरांनासुद्धा हे माहीत असतं.

"डावीकडे," मी म्हटलं. "प्रत्येक खोक्यावर लिहिलंय. खाच डा."

"कुणी लिहिलंय?"

"काकांनी. काप तेच काढतात ना! तुला नक्की काय हवंय रे?"

त्याने डब्याचं झाकण लावलं. अर्धं जेवण तसंच होतं. "काही नाही," म्हणाला, "तू काकांना विचारलं होतंस ना, तेवढंच."

विचारायचं काय? लिहिलेलं आहे!

कपाटाची किल्ली आजपासून माझ्या पर्समध्ये. दुसरी काकांकडे असते, ती राहू दे. काका तीस वर्षं इथे लॅब असिस्टंट आहेत, पुढच्या महिन्यात रिटायर होतायत, त्यांना कुणाच्या भानगडीत पडायचं नसतं.

बुधवार, ११. आकडा १८३.

नवऱ्याला सांगितलं. सांगायला नको होतं.

तो पोळी लाटत होता, मी भाजत होते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणतो, "ते लोक तुझ्याबद्दल काय लिहितात?"

"म्हणजे?"

"अगं, तुझा दाखला देतात म्हणजे काहीतरी लिहीत असतील ना. ते वाचलंस का?"

"एकशे त्र्याऐंशी पेपर वाचत बसू? कुणी वाचत नाही ते. मोजतात."

"बरं. आणि ते खाचेचं काय म्हणालीस? डावी म्हणजे उंदराची डावी ना?"

"मग कुणाची? माझी?"

"नाही, आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात. पेशंटचा डावा तो डावा. तो समोर बसलेला असतो. माझा डावा धरून बसलो तर चांगला गुडघा चोळून दुखरा तसाच घरी पाठवीन." आणि हसला.

मला हसू आलं नाही. कारण मला एकदम आठवलं, मुंगळा पाठीसाठी याच्याच फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये जातो. गेले तीन महिने. आठवड्यातून दोनदा. पालथा पडून माणूस काय काय बोलत असेल!

"तो तुझ्याशी माझ्याबद्दल बोलतो का?"

"कोण?"

"तुला माहितीये कोण."

"पोळी करपतेय," नवरा म्हणाला.

उत्तर दिलं नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

गुरुवार, १२. आकडा १८६.

सरांनी, म्हणजे लॅबच्या प्रमुखांनी, केबिनमध्ये बोलावलं. सर खूश होते. माझा आकडा त्यांनी टेबलावरच्या चिठ्ठीवर लिहून ठेवलाय, खाली दोन रेघा.

"सहा वर्षांत आपल्या डिपार्टमेंटमध्ये इतका आकडा कुणाचाच नाही. फाइलच्या पहिल्या पानावर हे आलं पाहिजे. वर, ठळक."

मी भीत भीत म्हटलं, "सर, हा आकडा एकदम का वाढतोय, असं नाही वाटत तुम्हाला?"

"वाढतोय ना? मग झालं तर. अगं, कमिटीत एक माशांवाला आहे, एक दगडांवाला, तिसरी बाई हवामानवाली. आत काय लिहिलंय ते कोण उघडून बघतंय? बाहेरून आकडा दिसतो." मग चष्मा काढून पुसत बसले. "सत्तावीसपर्यंत जुनं काही उकरू नकोस. फक्त फाइल. मुंगळा काही म्हणाला का तुला?"

"नाही. का?"

"काही नाही. असंच."

म्हणजे सरांनाही त्याचा संशय आहे! बरं वाटलं. एक तरी माणूस आपल्या बाजूचा आहे.

सोमवार, १६. आकडा १९०.

खोकं नाही.

सकाळी कपाट उघडलं. डाव्या पेपराच्या स्लाइड्सचं खोकं जिथे असतं तिथे नुसती धुळीची चौकट. कुलूप जसंच्या तसं.

मी सरळ व्हरांड्यात गेले. मुंगळा पाण्याच्या मशीनपाशी बाटली भरत होता.

"खोकं आण."

"कुठलं?"

"नाटकं नकोत. तूच विचारत होतास. तुलाच हवं होतं."

"अगं, मी नाही घेतलं."

"तीन महिने चाललाय तुझा डाव! आधी आकडा फुगवायचा, मग स्लाइड्स गायब करायच्या, मग कमिटीसमोर म्हणायचं दाखवा पुरावा. आणि माझ्या घरात माणूस पेरायचा!"

"घरात कुठला माणूस?"

"माझा नवरा!"

दोन विद्यार्थिनी जिन्यात थांबल्या होत्या, त्या परत वर गेल्या. मुंगळ्याची बाटली भरून वाहत होती, त्याचं लक्ष नव्हतं. बूट भिजले.

"हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला, "मला शिव्या दे. पण त्या एकशे नव्वदांतलं एक वाक्य वाच. एकच. जिथे तुझं नाव येतं ते. मी सांगितलं तर तू म्हणशील जागेसाठी बोलतोय. म्हणून महिनाभर गप्प आहे. तू वाच."

"मला शहाणपण शिकवू नकोस."

"नाही शिकवत," म्हणाला, आणि ओल्या बुटांनी पचक पचक करत गेला.

मंगळवार, १७.

वाचलं.

एक वाचायचं म्हणून उघडलं. 'याच्या विरुद्ध निष्कर्षासाठी पाहा,' आणि कंसात माझं नाव.

दुसरं उघडलं. 'हा परिणाम आम्हाला आढळला नाही.' माझं नाव. तिसरं. 'एकमेव अपवाद.' माझं नाव. सकाळी दहाला बसले, दुपारी चार वाजले तेव्हा त्र्याण्णव झाले होते. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या लॅबने जिवंत उंदरांत, काप न काढता, नव्या पद्धतीने पाहिलं. वाट उजवीकडे. मग तिसऱ्याने पाहिलं, उजवीकडे. मग सगळ्यांनीच. आणि प्रत्येकाला आपल्या पेपरात एक ओळ लिहावीच लागते की एकीने मात्र उलटं म्हटलं आहे. ती एक ओळ म्हणजे माझं एक सायटेशन.

एकाने फार सभ्यपणे लिहिलंय, 'बाजूंच्या नोंदीत काही अदलाबदल झाली असल्यास कल्पना नाही.' नवशिक्यांसाठी एका पुस्तिकेत तर चौकट आहे. खूण करताना घ्यायची काळजी. उदाहरण म्हणून मी.

दीडशेहून जास्त माणसांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि मी रोज सकाळी चहाच्या आधी ती बोटं मोजत होते.

पण अदलाबदल कशी? खाच डावीकडे. लिहिलेलं आहे.

कुणी लिहिलेलं आहे?

बुधवार, १८.

खोकं काकांकडे होतं. काप काढायच्या थंड खोलीत, त्यांच्या टेबलावर, स्वेटर घालून बसले होते आणि एकेक स्लाइड उजेडात धरून बघत होते. मला पाहून उठले नाहीत. नेहमी उठतात.

"काका, न सांगता नेलंत?"

"सांगणार होतो. सगळ्या बघून झाल्या की. एकशे चव्वेचाळीस आहेत, शंभर झाल्या."

"खाच कुठे करता तुम्ही?"

"डावीकडे. तीस वर्षं. एकदाही चुकली नाही."

"उंदराच्या डावीकडे?"

ते मशीनकडे वळले. मशीनचं झाकण उघडलं, रबराचा शिकवायचा मेंदू असतो तो पकडीत बसवला. नाक स्वतःकडे. मग ब्लेड घेतलं आणि आपल्या डाव्या हाताच्या बाजूला, हवेतच, बारीकशी रेघ मारून दाखवली.

"मला शिकवलं त्यांनी असंच शिकवलं. आपल्या डाव्या हाताला. सगळ्यांचे काप असेच. आजवर कुणी बाजू वेगळी मोजलीच नव्हती, दोन्ही मिळून मोजायचे. तुम्ही पहिल्या."

मी मशीनच्या पलीकडे जाऊन उभी राहिले, परत अलीकडे आले. उंदीर त्यांच्याकडे तोंड करून. त्यांचा डावा तो त्याचा उजवा. खाच डावीकडे हे खरं, आणि लिहिलं तेही खरं. मी वाचलं तेही तेच वाचलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तुमच्या समोर बसतो त्या मुलाने विचारलं महिन्यापूर्वी. मग झोप नाही." स्लाइड पुसून परत खोक्यात ठेवली. "माझ्यामुळे तुमची नोकरी जाईल का, मॅडम?"

असं विचारून त्यांना माझ्या तोंडून नक्की काय वदवून घ्यायचं होतं? जिना उतरेपर्यंत तोच विचार. रिटायर होताना माणूस स्वतःला जपणारच. पण मग खोकं फोडून टाकता आलं असतं. कशाला बघत बसेल एकेक?



शुक्रवार, २०.

सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं खुर्चीतून उडतील. त्यांनी पेपरवेट एका गठ्ठ्यावरून उचलून दुसऱ्यावर ठेवला.

"त्या मोठ्या लॅबवाल्यांनी मलाही विचारलं होतं मागे. मी कळवलं, नोंदी पक्क्या आहेत."

"मागे म्हणजे?"

"झालं असेल वर्ष-दीड वर्ष."

"मला नाही सांगितलंत?"

"तू फाइलच्या मागे होतीस. उगाच कशाला विचलित करायचं!" मग आवाज एकदम मऊ. "ऐक. सत्तावीस होऊ दे. फाइल आत जाऊ दे. मग दुरुस्ती पाठवू ना निवांत. आणि कारण काय द्यायचं तेही सोपं आहे. तांत्रिक साहाय्यकाच्या नोंदीतली चूक. काका तसेही निघालेतच. त्यांना काय फरक पडतो?"

माझ्या बाजूचा एक माणूस म्हणून मी यांचं नाव या वहीत लिहिलंय. खोडलेलं नाही. राहू दे, पुरावा आहे.

घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, सात दिवस थांबलं तर जागा मिळू शकते.

"मिळू शकते," तो म्हणाला.

"मग? काही तरी बोल की!"

"मी काही बोललो तर म्हणशील, पेशंटने शिकवून पाठवलंय."

सोमवार, २३.

दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे. चुकीचं कारण, एका वाक्यात. सकाळभर तेवढ्यावर बसले.

पहिलं लिहिलं, 'तांत्रिक साहाय्यकाने खाच चुकीच्या बाजूला केली.' हे खोटं आहे. खाच जिथे म्हटली तिथेच होती.

दुसरं, 'बाजूच्या नोंदीत संदिग्धता राहिली.' हे सरांचं मराठी. यात माणूसच नाही, चूक आपोआप उगवल्यासारखी.

तिसरं, 'खाच कुणाच्या डावीकडे, हे पहिल्या लेखिकेने विचारले नाही.'

पाठवलं. मग लगेच वाटलं, फाइल गेल्यावर पाठवायला काय झालं होतं? चार दिवसांचा तर प्रश्न होता. पण चार दिवस रोज सकाळी तो आकडा उघडून बघायचा, आणि त्यात काय आहे ते माहीत असताना बघायचा, हे मला जमलं नसतं. यात थोरपणा काही नाही. जमलं नसतं, इतकंच.

काकांना जाऊन वाचून दाखवलं.

"माझं नाव?"

"आभारांत आहे. होतं तिथेच."

"मग ठीक." मशीन पुसता पुसता म्हणाले, "विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

हा टोमणा होता का?

शुक्रवार, २७.

फाइल दिली. पहिल्या पानावर आकडा घातला नाही. सर्वांत महत्त्वाचा पेपर या रकान्यात डावा पेपरच लिहिला, पुढे 'दुरुस्ती पाठवली आहे.' सरांनी सही केली, वर पाहिलं नाही.

दुरुस्तीनंतर माझा पेपर सगळ्यांसारखाच आहे. वाट उजवीकडे. म्हणजे तो आता बरोबर आहे आणि त्याचा दाखला द्यायचं कुणालाच काही कारण उरलेलं नाही.

सोमवार, १३.

यादी लागली. मुलाखतीला मुंगळा. माझं नाव नाही. माझा करार अजून साडेतीन महिने.

दोनदा वाचली यादी, मग टेबलावर येऊन बसले. ड्रॉवर रिकामा करायला घेतला, पण साडेतीन महिने आधी कशाला म्हणून परत भरला.

तासाभराने तो आला. हातात त्याचा स्वतःचा पेपर, छापून आणलेला, ज्याच्या जोरावर यादीत नाव आलं तो.

"अभिनंदन," मी म्हटलं. "बूट वाळले का?"

"गुरुवारी मुलाखत आहे. एक काम करशील?"

"मी?"

"इतका संशय घेणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. माझ्यावर पाण्याच्या मशीनपाशी घेतलास तसा यावर घे." पेपर माझ्यासमोर ठेवला. "सोडू नकोस."

मुलाखतीआधी मी कुणाकडे काही बोलू नये म्हणून आधीच गोड बोलून ठेवतोय, हे उघड आहे. तरी वाचायला घेतला. पहिलं पान नीट. दुसरं पान नीट, इतकं नीट की राग आला. तिसऱ्या पानावर मधेच एक वाक्य होतं, सगळेच लिहितात तसलं. पेशींची मोजणी दोन स्वतंत्र व्यक्तींनी केली.

"यातला एक तू," मी म्हटलं. "दुसरी कोण?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"मी विचारतेय, दुसरी कोण?"

"मीच," तो म्हणाला. "आठवड्याने परत मोजलं होतं. आधीचे आकडे न बघता. सगळे तसंच करतात गं!"

"गुरुवार म्हणजे तीन दिवस."

"हो."

"स्लाइड्स किती?"

"नव्वद."

मी ड्रॉवरमधून मोजणीचं यंत्र काढलं, शून्यावर आणलं. "खुर्ची घे. पहिल्यापासून मोजू. तुझे आकडे मला दाखवायचे नाहीत. दुसरी मी."